पडद्याची दोरी

(वस्तीतल्या बुद्धविहारात भरलेल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. फक्त शिव्या कमी केल्यात.)



मला विषय दिलाय, ‘शाळेतील नाट्य, गायन, नृत्य आणि तरुणांचा आत्मविश्वास’. चिठ्ठी हातात पडली तेव्हा मी रात्रपाळी उतरून येत होतो. अंगाला गंजाचा वास, डोळ्यांत झोप. बाजूच्या गड्यानं चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, आत्मविश्वास? आत्मा तर बुद्धानं कधीच निकालात काढलाय, मग विश्वास ठेवायचा कशावर? मी हसलो. पण गडी खोटं बोलला नव्हता. हा शब्द मलाही परका वाटतो. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीतला शब्द आहे तो. अमुक दिवसांत आत्मविश्वास मिळवा, फी अमुक. माझी आई हा शब्द वापरत नाही. ती म्हणते, पोराची भीड चेपली. किंवा म्हणते, पोरगं धीट झालं. मला हेच शब्द बरे वाटतात, कारण त्यांत विकत घ्यायचं काही नाही.

तर मी भीड चेपण्याबद्दल बोलणार. पण आधी ही भीड बसवली कुणी, तेही बोलणार. कारण भीड काही आईच्या पोटातून येत नाही. आपल्या गल्लीतलं चार वर्षांचं पोर बघा. टँकरच्या चाकावर उभं राहून अख्ख्या लायनीला शिव्या घालतं. कुठाय त्याची भीड? तेच पोर पाचवी-सहावीत जातं आणि गुरुजींनी नुसतं नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडं बघतं. मधल्या सहा-सात वर्षांत त्याला झालं काय?

माझं मला काय झालं ते सांगतो. शाळेचं नाव घेत नाही. शाळा अजून चालू आहे आणि तिथल्या एका मास्तरांशी भांडण उकरून मला काही मिळायचं नाही. शंभरातले नव्वद असतात तसेच ते होते.

आमच्याकडे डिसेंबरात गॅदरिंग. मी सहावीत. शिवाजी महाराजांवरचं नाटक बसवायचं ठरलं. मास्तरांनी एकेकाला उभं करून उतारा वाचायला लावला. माझ्या नशिबाला आलेल्या उताऱ्यात ‘पाणी’ आणि ‘आणि’ यांचा नुसता सुळसुळाट. मी वाचलं, पानी, आनि, कोन, बान. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि म्हणाले, आवाज चांगला आहे रे तुझा, पण जीभ जड आहे. हात मजबूत दिसतात, तू पडदा ओढ.

तीन वर्षं मी पडदा ओढला. बाकडी उचलली, सतरंज्या झटकल्या, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या. माझ्याबरोबर कोण होते बघा. आमच्यातली आम्ही तिघं, एक चांभाराचा, एक वडाराचा, एक मुसलमानाचं पोर. आणि स्टेजवर कोण होते तेही बघा. जात कुणी विचारली नव्हती हां. विचारायची गरजच पडली नाही. जिभेनं सगळं सांगून टाकलं होतं.

सातवीतल्या गॅदरिंगची गोष्ट. घायाळ मावळ्याचं काम करणारा पोरगा ऐन वेळी वाक्य विसरला. मी विंगेत दोरी धरून उभा. तीन आठवडे तालमी ऐकून मला सगळ्यांची वाक्यं तोंडपाठ. मी हळूच म्हटलं, ‘महाराज, पानी...’ तो इतका घाबरलेला की कानावर पडलं तसंच त्यानं खच्चून म्हटलं, ‘महाराज, पानी!’ पहिल्या रांगेत हशा पिकला. मावळा मरता मरता पाणी मागतोय आणि पाहुणे खो खो हसतायत. आज वाटतं, त्या अख्ख्या नाटकात खरा बोलला गेलेला तेवढाच एक शब्द. डोंगरकपारीतला मावळा घशाला कोरड पडल्यावर शुद्ध ‘ण’ काढत असेल होय? पण त्या रात्री विंगेत माझ्या कानाखाली बसली. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचो.

म्हणून दोस्तांनो, शाळेतलं नाटक पोरांना धीट करतं असं सरसकट बोलू नका. शाळेतल्या नाटकानं माझ्याजवळ होता तोही धीर काढून घेतला. एकाला सिंहासनावर बसवायचं, दहांना भालदार-चोपदार करायचं, वीस जणांना झाडं करायचं आणि उरलेल्यांना दोरी द्यायची, ही गावगाड्याचीच मांडणी झाली. फक्त वर झिरमिळ्या लावलेल्या.

आता दुसरी बाजू. ती नसती तर मी आज तुमच्यापुढं उभा राहिलोच नसतो.

नववीत एक बाई आल्या. शिक्षणसेवक, तुटपुंजं मानधन, लांबून लोकलनं यायच्या. गॅदरिंगचं काम नव्या माणसाच्या गळ्यात मारतात तसं त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी नाटकाचं पुस्तक आणलंच नाही. म्हणाल्या, तुमच्या वस्तीत रोज सकाळी काय होतं? आम्ही म्हटलं, भांडण होतं, नळावर. म्हणाल्या, करून दाखवा.

आधी सगळे लाजले. मग एक पोरगा उठला आणि हात पुढं काढून नुसता उभा राहिला. म्हणाला, मी नळ. झालं. त्याच्यापुढं लाईन लागली. नळाला वाटलं की पाणी येई, वाटलं की जाई. दोन पोरींनी कळशी पुढं सरकवली, तिसरीनं ती मागं ढकलली आणि जे भांडण पेटलं ते शाळेच्या शिपायानं येऊन सोडवलं. त्याला वाटलं खरंच लागली. बाई पोट धरून हसल्या. मी माझ्या आईचं काम केलं. पदर खोचून, एक हात कमरेवर. कुणी मला जीभ जड आहे म्हणालं नाही. जी जीभ जड होती तीच इथं लागत होती.

बाईंनी फार काही शिकवलं नाही. दोनच गोष्टी. एक, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकायचं आणि मग आपलं बोलायचं. कुणी मध्ये तोडलं तर घाबरायचं नाही, थांबायचं आणि तेच वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. दुसरी, आवाज गळ्यातून काढायचा नाही, पोटातून काढायचा. त्याचा सराव असा. मैदानाच्या एका टोकाला पोरानं उभं राहायचं, दुसऱ्या टोकाला भिंतीपाशी बाई. पोरानं स्वतःचं नाव घ्यायचं, भिंतीपर्यंत पोचलं पाहिजे. पूर्ण नाव. बापाचं आणि आडनावासकट.

हसू नका, ह्यात काय मोठंसं असं म्हणू नका. मी माझं आडनाव गिळायचो. बापाच्या नावापर्यंत आवाज चांगला, आडनावाला आला की बसायचा. बाई भिंतीपासून ओरडायच्या, ऐकू आलं नाही! पुन्हा घ्यायचो. पुन्हा, ऐकू आलं नाही! नवव्या-दहाव्या वेळी मला राग आला आणि रागात ते आडनाव असं काय सुटलं की मैदानावर खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. काही आभाळ कोसळलं नाही. बाई म्हणाल्या, आलं ऐकू, पुढचा.

प्रयोगाला आई आली होती. शेवटच्या रांगेच्या मागं उभी, कारण धुण्याभांड्याच्या कामावरून थेट आलेली आणि पुढं खुर्चीत बसायला संकोच. मी पदर खोचून आलो तशी ती हसली. मग नळाचं पाणी गेलं, मी रिकामी कळशी घेऊन मध्यभागी उभा राहिलो, तेव्हा ती हसत नव्हती. घरी आल्यावर स्टोव्ह पेटवता पेटवता म्हणाली, मी येवढी भांडते व्हय रं? आणि मग बऱ्याच वेळानं, पाठमोरी, म्हणाली, आन पानी झ्याक म्हनलास.

माझ्या आजवरच्या सगळ्या कवितांना मिळालेली दाद एका पारड्यात टाका आणि हे वाक्य दुसऱ्या पारड्यात टाका.

पण मी तुम्हाला चुना लावणार नाही. नाटकानं माझं नशीब पालटलं नाही. दहावी कशीबशी झालो आणि बापाच्या मागं गोदीत गेलो. बाप कायम कामगार होता, मी ठेकेदाराचा माणूस. पाळी मिळाली तर रोज, नाही तर घरी. जहाजातून पोलादाच्या कॉइली उतरवायच्या. क्रेनवाल्याला हातानं खूण, हॅचमधल्या गड्यांना आवाज. हबेस म्हटलं की वर, आरिया म्हटलं की खाली. हे शब्द कुठल्या मुलखातून आले कुणास ठाऊक, पण ते पोटातूनच काढावे लागतात. गळ्यातून काढले तर इंजिनाच्या घरघरीत बुडतात आणि खाली माणूस चेपतो.

एकदा चेपलाच. स्लिंग सरकली आणि आमच्या टोळीतल्या एकाची दोन बोटं गेली. ठेकेदाराच्या माणसानं कागद केला, गड्यानं स्वतःच्या हलगर्जीपणानं हात घातला म्हणून. आम्हा पाच जणांना जबाबाला बोलावलं. वातानुकूलित खोली, काचेचं टेबल. चार जण पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. मला तो अंगठा चांगला ओळखीचा होता. मी म्हटलं, साहेब, वायर चार दिवस तुटकी होती, आम्ही मुकादमाला दोनदा सांगितलं होतं. साहेब मध्येच बोलले, तुला विचारलं तेवढं सांग. मी थांबलो. त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग तेच वाक्य पहिल्यापासून घेतलं, साहेब, वायर चार दिवस तुटकी होती. ते पुन्हा बोलले. मी पुन्हा थांबलो, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. चौथ्या वेळी त्यांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर टोळीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, वकिलाकडं राहिला होतास काय रे? मी म्हटलं, नाय, नळावर होतो.

शेवट गोड नाही. गड्याच्या दवाखान्याचे पैसे मिळाले. भरपाईचा कायदा १९२३ सालीच झालेला, पण त्या कायद्याप्रमाणं पुरती भरपाई त्याला काही मिळाली नाही. आणि दोन महिने माझा गेटपास निघाला नाही. धिटाईची किंमत मोजावी लागते, आणि ती बाईंच्या सरावात नव्हती. तरी तो कागद खोटा राहिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा आपलं एकट्याचं सांगतोय. बरं, मागं जाऊ.

१८५५ साल. त्या एका सालात दोन गोष्टी झाल्या. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. भट जोशी एका अडाणी कुणब्याला आणि त्याच्या गरोदर बायकोला कसा लुबाडतो त्याची हकिगत. शेवटी नवराबायको काय करतात? देवळात जात नाहीत, रात्रीच्या शाळेत शिकायला जातात. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडं दिलं, कमिटीनं घेतलं नाही. छापून यायला १९७९ साल उजाडलं. आणि त्याच १८५५ सालात फुले पतिपत्नींच्या शाळेतली मांगाची पोर, मुक्ता साळवे, हिनं मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. मास्तरांचं नाटक अडलं, पण शाळेतल्या पोरीचा आवाज भिंतीपर्यंत पोचला. पुण्यात, पेशवाई बुडून चाळीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा.

पुढं जलसे. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे कितीतरी. १९३० सालात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्याच्या मागंपुढं हे जलसे गावोगाव फिरायला लागले. तमाशाचा साचा घेतला, त्यातली देवभोळेपणाची आणि बाई नाचवायची भर काढून टाकली आणि बाबासाहेबांचं सांगणं त्यात घातलं. नाचेगाणे म्हणून ज्यांना हिणवलं तीच माणसं चौकात उभी राहून गावाला प्रश्न विचारू लागली. अण्णाभाऊ साठे तर शाळेत दीड दिवस गेलेले. त्या दीड दिवसावर त्यांनी काय काय केलं ते मी तुम्हाला सांगायला नको. १९४४ सालात अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, हे एकच सांगतो. त्यांची शाळा कलापथकच होती.

आणि मिलिंद महाविद्यालय, औरंगाबाद. बाबासाहेबांनी १९५० सालात कॉलेज काढलं. खेड्यापाड्यातली पोरं पहिल्यांदाच कॉलेजात आलेली. म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं आणि १९५५ सालात तिथल्या पोरांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. अस्पृश्यांचा युगायुगांचा प्रवास. विचार करा, कालपर्यंत ज्यांना वर्गाबाहेर बसवत होते ती पोरं स्टेजच्या मधोमध उभी राहतात आणि समोर खुर्चीत कोण, तर बाबासाहेब. पुढच्या साली नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळीही हे नाटक झालं. पुढं याच मिलिंदच्या आवारातून आपलं केवढं तरी लिखाण आलं, ते आभाळातून पडलं नाही.

अलीकडचं उदाहरण हवं तर ठाण्याचं घ्या. रत्नाकर मतकरी, मोठे नाटककार, २०२० सालात वारले. म्हातारपणी त्यांनी ठाण्याच्या वस्त्यांतल्या पोरांबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ चालू केला. पोरांनी आपल्याच वस्तीचे विषय घ्यायचे, आपणच नाटिका रचायच्या, आपणच करायच्या. कुणी म्हणेल, ते तर पांढरपेशे. असेनात. आमच्या बाईही आपल्यातल्या नव्हत्या. पोरांच्या तोंडात स्वतःचं वाक्य कोंबतो की पोरांचं वाक्य ऐकून घेतो, एवढंच मी बघतो.

सरकारकडं बघा आता. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराच्या वर पोरं असतील तर कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक पाहिजे. आपल्या भागातल्या शाळांत जाऊन विचारा, आहे का म्हणून. २०२० सालच्या नव्या धोरणातही कला, कला, कला असा घोष आहे. दहावीला चित्रकलेच्या परीक्षा, शास्त्रीय गाणं, शास्त्रीय नाच यांचे वाढीव गुण मिळतात. ठीक. पण कथ्थकच्या क्लासची फी भरणार कोण? लोककलेचेही गुण आहेत, पण त्याला संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. ज्याच्या आज्यानं जन्मभर ढोलकी वाजवली त्या पोराला कागद नाही म्हणून गुण नाहीत. ढोलकी आमच्या घरात आणि गुण दुसऱ्याच्या घरात. यावर अर्ज करायला पाहिजे, मोर्चा काढायला पाहिजे, आणि तो आपण काढत नाही.

आपण काय करतो? चौदा एप्रिलला डीजे लावतो. मला नाचायला आवडतं, मी दरवर्षी नाचतो, सोवळेपणा सांगत नाही. पण भिंतीएवढ्या स्पीकरसमोर पोराचा आवाज मोठा होत नाही, दबतो. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात वर्षभराची तालीम निघते. जयंतीच्या कमिटीत हे मी बोललो तेव्हा मला म्हणाले, कवी आहेस, तू कविता म्हण दोन मिनिटं, डीजे सेट होईपर्यंत.

अजून एक, आणि हे बोलताना मला शरम वाटते. आमच्या नळाच्या नाटकात सगळ्यात भारी काम माझ्या धाकट्या बहिणीचं झालं होतं. मी मध्येच अडकलो तेव्हा तिनंच माझी कळशी ओढून प्रसंग पुढं नेला. पुढच्या साली ३ जानेवारीला तिला सावित्रीबाई केलं. अंगावर शेणगोळे झेलत उभी राहिली, डोळे असे रोखले की मास्तर गप. त्याच उन्हाळ्यात ती मोठी झाली आणि घरात ठरलं की आता स्टेजबिज बस. ठरवणाऱ्यांत मीही होतो. मी काही बोललो नाही म्हणजे होतोच. साहेबापुढं चार वेळा वाक्य घेणारा मी, घरात एकदाही घेतलं नाही. सुषमा देशपांडे यांच्या नाटकाचं नाव आहे ‘व्हय, मी सावित्रीबाई’, १९८९ सालचं. त्यातला ‘व्हय’ मला आवडतो. बहीण आता लग्न होऊन दिव्याला राहते. परवा फोनवर म्हणाली, दादा, तुला ते नळाचं नाटक अख्खं आठवतं का? मला माझंच काय, सगळ्यांचं पाठ आहे.

तर काम काय ते बोलतो आणि बसतो. गेल्या दिवाळीपासून ह्याच विहारात आम्ही शनिवारी दुपारी पोरं जमवतो. महापालिकेच्या शाळेतली बावीस पोरं आहेत, त्यात अकरा पोरी. आईबापांना घरी जाऊन सांगितलं, आठवीनंतर पोरी काढायच्या नाहीत. तीन घरांनी कबूल केलं, बाकीच्यांकडं पुन्हा जायचं आहे आणि तिथं मला बाई कार्यकर्त्या सोबत पाहिजेत, माझ्या एकट्याच्यानं होत नाही. पूर्ण नावाचा सराव चालू आहे. एक पोरगा अजून आडनावाला थांबतो. मी त्याला घाई करत नाही. गेल्या शनिवारी त्यानं विचारलं, नाटकात नळ झालं तर बोलावं लागतं का? मी म्हटलं, नाही, पण तू बंद झालास की सगळे तुझ्याकडं बघणार. विचार करून सांगतो म्हणाला.

तालीम चार वाजता. माझी पाळी असली तर मी येत नाही, पण किल्ली भंतेजींकडं असते. ढोलकीवाला आहे. पडद्याला दोन जुन्या साड्या लागतील, एकाच रंगाच्या असल्या तर बरं, नसल्या तरी चालेल. दोरी आणू नका, दोरी माझ्याकडं आहे.

जय भीम.